पहिली रांग

४ ऑगस्ट, सकाळ
चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला. आता महिनाभर पितर पेनांगभर हिंडणार आणि त्यांच्या करमणुकीला रोज संध्याकाळी कुठल्यातरी मैदानात कोताई, म्हणजे गाण्याबजावण्याचा जलसा होणार. टिकल्यांचे झगमगते कपडे, हॉकियन गाणी, कान फोडणारे स्पीकर. माझी अभिरुची वेगळी. पण आईला नेणार. तिची शाळेतली मैत्रीण सियू लान यंदा शेवटचं गाणार, मग मुलीकडे इपोला राहायला जाणार. मी महिन्याचा झालो त्या जेवणावळीत तिने म्हटलेलं गाणं आईला माझ्या शेजारी बसून ऐकायचंय. गुडघे गेल्यामुळे व्हीलचेअर लागते, ढकलायला मी आहेच. शनिवारी नक्की.
आई म्हणाली, "लहानपणीसारखा पहिल्या रांगेत जाऊन बसू नकोस म्हणजे झालं." ती रांग पितरांची, रिकामीच ठेवतात. हे मला सांगायला हवं का? सेहेचाळीस वर्षांचा आहे मी.

१० ऑगस्ट, शनिवार
चियाहने व्हायोलिन-चेलोच्या मैफलीचा पास दिला. मित्राला नाही म्हणणं बरं दिसत नाही. अगदी पुढे बसलो. डोळे मिटून ऐकलं. शेजारच्या बाईंनी दोनदा कोपर मारलं. लोकांना ऐकण्याची शिस्त नाही. मत: मधला भाग विशेष शांत.
घरी आलो तर आई निळा ब्लाउज घालून, लिपस्टिक लावून व्हीलचेअरमध्ये. "पाचपासून बसलेय," म्हणाली. फार वाईट वाटलं. लगेच खाली जाऊन तिच्या आवडीच्या परतलेल्या नूडल्स आणल्या, जास्त शिंपल्या घालून. तिने हात लावला नाही. वाया कशाला घालवायच्या, म्हणून मी खाल्ल्या.

१७ ऑगस्ट
कॅफेत जॅझ. आईला फोन करून सांगितलं, आज मैदानात फार गर्दी आहे, तुला त्रास होईल. तेवढ्यात मागे सॅक्सोफोन सुरू झाला. आई म्हणाली, "पितरांना हल्ली भोंगे आवडायला लागले वाटतं." फोन ठेवला तिने.
जॅझबद्दल काही लिहिण्याची मनःस्थिती नाही.

२४ ऑगस्ट
पाऊस येईल असं वाटलं म्हणून गेलो नाही. आला नाही. अपराधी वाटतंय. सगळ्यांना वाटत नाही असं; मन संवेदनशील लागतं.

३१ ऑगस्ट
सुट्टी. चियाहबरोबर कल्चरल वॉक. भिंतींवरची चित्रं पाहिली, तीन ठिकाणी खाल्लं. येताना मैदानाजवळ नेमकी सियू लान मावशी भेटली. "आई कुठाय तुझी?" मी म्हटलं, गुडघे. "गुडघ्यांना चाकं आहेत ना? तुला काय झालंय?" परवा शेवटचा दिवस, आणतोच, असं तिला भर रस्त्यात वचन दिलं. चियाह साक्षीला होता. आता माघार नाही.

२ सप्टेंबर, दुपार
शर्टाला इस्त्री केली. व्हीलचेअरच्या चाकांना तेल घातलं. आई बघत होती, खूश दिसली. साडेसहाला निघायचं. चियाहचा फोन आला: चेलो, चार वाजता, फक्त पहिला भाग ऐकून उठायचं. बसतं वेळेत.

३ सप्टेंबर, सकाळ
पहिल्या भागात डोळे मिटले. उघडले तेव्हा एक माणूस खुर्च्या आवरत होता.
घराला कुलूप. खालच्या मजल्यावरच्या गोह काकूंच्याही. म्हणजे काकूच घेऊन गेल्या. मैदानापर्यंत धावलो. खच्चून गर्दी. सियू लान मावशी स्टेजवर चढत होती. आई कुठे दिसेना. निदान आईला तरी मी दिसावा, म्हणून पुढे घुसलो आणि मोकळी खुर्ची दिसली तिथे बसलो.
मागून शंभरेक माणसं एकदम "अरे अरे" म्हणाली. कीबोर्ड वाजवणारा थांबला. मी आजूबाजूला पाहिलं. लाल खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. समोर उदबत्त्या.
उठणार तोच मागून आईचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिने कित्येक वर्षांत काढला नसेल. "बसू द्या त्याला! महिनाभर घरात दिसलाय का कुणाला? त्याचीच रांग आहे ती!"
सगळं मैदान हसलं. मावशीसुद्धा माइकमध्ये हसली. मग तिने तेच गाणं म्हटलं. मी जागा होतो. अख्खं गाणं जागा होतो. आई कुठेतरी माझ्या मागे होती, आणि वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. ऐकताना तिचा चेहरा कसा झाला होता, ते गोह काकूंना माहीत.
घरी येताना व्हीलचेअर काकूंनीच ढकलली. मी दोनदा हात पुढे केला. आई म्हणाली, "नको, त्यांना सवय झालीय."
निश्चय: पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी नेणार, सियू लान मावशीच्या समोर, दुसऱ्या रांगेत बसवणार.
मावशीची इपोची बस आज सकाळी गेली.