सहा झाल्या की रिकामं

मंगळवार, ११ मार्च

जुनं रिव्हॉल्वर गेलं. लमार झूकने दुपारी त्याच्या बंदुकांच्या दुकानातून फोन करून पक्कं सांगितलं. घोड्यामागे फ्रेमला तडा आहे, आता यातून एकही गोळी उडवू नका मिस्टर हॉस्टेटर, भिंतीवर लावा म्हणाला. पॉइंट टू-टू, सहा गोळ्यांचं. त्रेपन्न वर्षं वापरलं. टिनचे डबे पाडायला याहून चांगलं काही अजून निघालेलं नाही.

बायकोला, अर्लीनला, भिंतीचं विचारलं. म्हणाली, आधी भिंत रंगव.

संकल्प: चोवीस मेच्या डब्यांच्या स्पर्धेआधी नवं घ्यायचं. घाई करायची नाही. एकोणीस वर्षं नेमबाजी क्लबचा रेंज ऑफिसर आहे, मैदानावरची सुरक्षा माझ्याकडे. मी काय घेतो ते बघून लोक घेतात.

शुक्रवार, १४ मार्च

लमारकडे दोन तास. त्याने आधी गोळ्यांचं चक्र बाजूला उघडणारं दाखवलं. नऊ गोळ्यांचं. चक्र बाहेर आलं की नऊच्या नऊ घरं एका नजरेत दिसतात, दांडी दाबली की उडालेल्या गोळ्यांच्या सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर. त्याच्या मते माझ्यासाठी हेच बरं. माझ्यासाठी का, ते विचारलं नाही.

डेनी क्रात्झरकडे तसंच आहे. ते रिव्हॉल्वर नाही, स्टेपलर आहे, असं मी त्याला गेली आठ वर्षं सांगतोय. ज्याचा स्वतःच्या मोजण्यावर विश्वास नाही त्याला सगळी घरं एकदम बघावी लागतात. मला एका बाजूला छोटी झडप हवी. एकेक गोळी आत, एकेक पुंगळी बाहेर. माणसाला शिस्त लागते.

शनिवार, २२ मार्च

डेनीला बरोबर नेलं. बेचाळीस वर्षांची मैत्री आहे, त्याला विचारलं नाही तर रुसतो. नळी साडेपाच इंची हवी यावर एकमत. बाकी कशावर नाही.

झडपेचं एकच शिल्लक होतं, पण त्याला दहा घरं. सहाचं मागवलं तर जुलै उजाडेल. डेनी म्हणाला, अरे एलवुड, तू पन्नास वर्षं सहावर थांबतोयस, दहा मोजायला शाळेत घालू का तुला? दुकानातली सगळी हसली. मीही हसलो, म्हणजे खिलाडूपणा दिसावा.

घेतलं. सहा काय, दहा काय. गोळी तीच.

शनिवार, ५ एप्रिल

नव्या हत्याराचा पहिला दिवस. हातात सुंदर बसतं. दहा भरल्या, घरं उपाशी कशाला ठेवा. सहा डबे, सहा गोळ्या, सहाही पडले. ठेवलं टेबलावर.

शेजारून डेनी म्हणाला, चार राहिल्यात. मी म्हणालो, माहीत आहे. माहीत होतंच. फक्त त्या क्षणी लक्षात नव्हतं.

संकल्प: दहापर्यंत मोजायचं.

शनिवार, १२ एप्रिल

दहापर्यंत मोजायचं हे गाडीत घोकत गेलो. उडवल्या सहा. पण हे मुद्दाम होतं. सहानंतर मनगट सैलावतं, तिथे थांबणं शहाणपणाचं. डेनीला हे समजावलं. तो म्हणाला, मनगटाला कळव, हत्यार अजून भरलेलं आहे.

या माणसाला गेल्या वर्षी बायपास झाल्यापासून सगळीकडे धोका दिसतो.

शनिवार, १९ एप्रिल

गोळ्यांच्या कंपन्या चोर आहेत. खोक्यावर छापलंय पन्नास. पाच वेळा हत्यार भरलं आणि खोकं संपलं. पाच वेळा सहा म्हणजे तीस. वीस गोळ्या हडप. कडक पत्र लिहायला घेतलं.

पुंगळ्या मी लगेच काढत नाही. त्या घरात असल्या तर घोडा आपटला तरी घराची कड खराब होत नाही, हे नव्या पोरांना कुणी शिकवत नाही. पुढच्या वेळी भरताना एकेक घर दांडीने ढकलायचं, जे असेल ते खाली कॉफीच्या डब्यात पडतं. बघावं लागत नाही. आवाजावरून कळतं.

मंगळवार, २२ एप्रिल

लमारला खोक्याचं सांगितलं. त्याने हिशोबाची वही मिटली. मग म्हणाला, ते रिव्हॉल्वर परत आणा, बदल्यात बाजूला उघडणारं न्या, एक सेंट वर घेणार नाही. एवढी उदारता दाखवतोय म्हणजे बाजूला उघडणारी त्याची विकली जात नसणार.

नाही म्हणालो. पत्र पोस्टात टाकलं.

शनिवार, ३ मे

अर्लीनने कॉफीचा डबा भंगारात द्यायला काढला आणि स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर ओतला. पुंगळ्या एकीकडे, न उडालेल्या गोळ्या एकीकडे. न उडालेल्या वीस. तिने त्या चार-चारच्या पाच रांगांत लावून ठेवल्या होत्या. तीस वर्षं शाळेची बस चालवली तिने, पोरं मोजायची सवय जात नाही.

म्हणाली, एलवुड, हे काय आहे?

मी म्हणालो, या फुसक्या निघालेल्या असणार.

ती म्हणाली, फुसकी असेल तर तिच्या कडेवर घोड्याचा वण असतो ना? एकीवरही नाही.

हे तिला कुणी सांगितलं? डेनीने. दोघं फोनवर बोलतात असं दिसतं.

कंपनीला पाठवलेलं पत्र मागे घेता येतं का ते बघायचं. घाई नाही.

शनिवार, १० मे

रेंजवरून आलो, रिव्हॉल्वर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, सूप प्यायला बसलो. अर्लीनने विचारलं, रिकामं आहे का? म्हणालो, सहा झाल्या, मोजल्यात. तिने आपली वाटी उचलली आणि टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसली. लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली तरी शेजारी बसावंसं वाटतं. बरं वाटलं.

नंतर लक्षात आलं, नळीचं तोंड तिच्या नेहमीच्या खुर्चीकडे होतं. योगायोग.

शनिवार, १७ मे

बेव्ह शिम्को, क्लबची अध्यक्ष, चहाला आली. चहाला ती कधी येत नाही. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, यंदा तू स्पर्धेत मन लाव, लाल झेंडा डेनीकडे देऊ या का? तेवढंच तुला मोकळेपणाने नेमबाजी करता येईल.

मी तिला शांतपणे समजावलं. झेंडा वर गेला की नेमबाजी बंद, हत्यारांना कुणी हात लावायचा नाही, आणि मगच माणसं डबे मांडायला पुढे जातात. कुणाचं हत्यार रिकामं आहे आणि कुणाचं नाही, हे माझ्या शब्दावर चालतं. एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही. हे काम भावनेपोटी कुणाला देता येत नाही.

बेव्ह अर्लीनकडे बघत होती. अर्लीन सिंककडे तोंड करून उभी होती. शेवटी बेव्ह म्हणाली, ठीक आहे, पण एलवुड, तुझं स्वतःचंही तपास हं.

कळीचा मुद्दा तिलाही पटला एकूण.

शुक्रवार, २३ मे

तयारी पूर्ण. झेंडा धुऊन इस्त्री केला. अर्लीनने क्लबच्या जेवणासाठी चिकन आणि मक्याच्या सूपचं मोठं पातेलं चढवलंय.

उद्याचा संकल्प: दहा. दहा. दहा. तळहातावर पेनाने लिहून ठेवावं असा विचार आला, पण लोक बघतील.

शनिवार, २४ मे. दुपारी ३

लिहून ठेवणं गरजेचं आहे, म्हणजे नंतर गोंधळ नको.

स्पर्धा वेळेवर सुरू. ढग खाली आलेले, वारा नव्हता. पहिल्या फेरीत माझे सहा डबे, सहा गोळ्या. उत्तम. हत्यार टेबलावर, नळी समोर, नियमाप्रमाणे. नंतर रांगेत फिरलो आणि अकरा जणांची हत्यारं तपासली. नवा सभासद आहे, दंतवैद्य, त्याची झडप अर्धवट लागली होती. चारचौघांत त्याला झापलं. अशाच ढिलाईने माणसं मरतात म्हणालो. बारावं हत्यार माझं. मोजलेलं होतं.

झेंडा वर केला. रेंज बंद, असं ओरडलो. डेनी आणि आणखी दोघं डबे मांडायला पुढे गेले.

दंतवैद्य बिचारा खजील झाला होता. त्याला जरा बरं वाटावं म्हणून माझं रिव्हॉल्वर दाखवलं. घोडा किती हलका ओढला जातो ते बघ म्हणालो. झेंडा वर असताना हत्याराला हात लावायचा नाही हा नियम नेमबाजीसाठी आहे. शिकवणं वेगळं. पुंगळ्या आत असताना चाप दाबून घोडा पाडला तरी काही बिघडत नाही, हेही त्याला सांगितलं. आणि पाडून दाखवला.

आवाज झाला.

डेनीच्या हातातला डबा नाहीसा झाला. हात तसाच राहिला, डबा धरल्यासारखा.

खालच्या कुरणात गाय हंबरली तेवढंच. डेनीने हात उलटसुलट करून बघितला. मग रांगेपर्यंत चालत आला, अगदी सावकाश, माझ्याकडे न बघता. आपलं हत्यार पिशवीत घातलं. मी म्हणालो, डेनी, लागलं नाही ना? तो म्हणाला, नाही. गाडीत बसला आणि गेला.

सूपसुद्धा न घेता. हे जरा जास्तच झालं.

बेव्हने माझ्या हातातून रिव्हॉल्वर घेतलं आणि पाठ फिरवून काहीतरी बघितलं. स्पर्धा रद्द.

रविवार, २५ मे

कारण सापडलं. या बारीक गोळ्यांत दारू पेटायला कधी कधी उशीर होतो. घोडा पडतो, आवाज होत नाही, आणि गोळी मागाहून उडते. पुस्तकात दिलंय. पुस्तकात दोन-तीन सेकंद दिलंय. इथे साधारण पंधरा मिनिटं झाली. दमट हवा होती.

मी चाप दाबला नेमकी त्याच वेळी ती उडाली, एवढाच योगायोग.

अर्लीनला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे पहिल्या सहांतली एक उडाली नव्हती? मी म्हणालो, अर्थात. ती म्हणाली, पण डबे सहा पडले होते ना?

पुस्तकातलं ते पान पुन्हा वाचायला घेतलं. छपाईची चूक असेल.

सोमवार, २६ मे. मेमोरियल डे

दर वर्षी सकाळी सातला डेनी हॉर्न वाजवतो आणि आम्ही दफनभूमीत सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावायला जातो. पावणेसातला बूट घालून पायरीवर बसलो. आठला बूट काढले.

अर्लीन दुपारी त्यांच्याकडे गुळाच्या पाकातली पेस्ट्री घेऊन गेली, डेनीची आवडती. दोन तासांनी आली. मी विचारलं, काय म्हणाला? म्हणाली, त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही.

मी म्हणालो, ते बायपासचं असेल.

अर्लीनने पर्स टेबलावर ठेवली आणि वर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं.

मंगळवार, २७ मे

बेव्हने क्लबचा फॉर्म पाठवलाय. अपघात अहवाल. अपघात हा शब्द अतिशयोक्त आहे, कुणाला काही झालेलं नाही. तरी सहकार्य करायचं ठरवलं. दमट हवेचा मुद्दा जोडपत्रात सविस्तर लिहिणार. शिवाय दोन पानांचं भाषण तयार केलं, एकोणीस वर्षांचा आढावा, नव्या सभासदांच्या शिस्तीबद्दल चार शब्द.

बुधवार, २८ मे. संध्याकाळी ६

फॉर्म भरला.

हत्याराचा मालक: एलवुड हॉस्टेटर. झेंडा वर करण्यापूर्वी हत्यार रिकामं असल्याची खात्री करणाऱ्याचं नाव: ही ओळ बराच वेळ कोरी ठेवली. मग तेच नाव लिहिलं. अक्षर वेगळं आलं.

पुढची ओळ बेव्हने आधीच भरून पाठवली होती, शाळेच्या ऑफिसात काम करून घडलेल्या तिच्या टपोऱ्या अक्षरात. घटनेनंतर चक्रात सापडलेल्या न उडालेल्या गोळ्या: तीन. वण नसलेल्या.

दहातून सहा गेल्या, चार. चारांतली एक डेनीकडे. तीन.

तीनदा करून बघितलं. तीनच येतात.

दमट हवेचं जोडपत्र फाडलं.

खाली साक्षीदाराचा जबाब आहे. डेनीने दोनच वाक्यं लिहिलीत. मी डबे मांडत होतो. झेंडा वर होता.

बेव्हचा फोन येऊन गेला. उद्या पाच वाजता ती आणि कमिटीतले दोघं झेंडा आणि फाटकाची किल्ली घ्यायला येणार. रिव्हॉल्वर तिच्याकडेच आहे, त्याबद्दल ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. झेंडा यापुढे कुणाकडे, हे विचारलं. डेनीला विचारलंय म्हणाली, तो अजून काही बोललेला नाही. मग तो उद्या येणार का? तेही तिला माहीत नव्हतं.

अर्लीनला भाषण वाचायला दिलं. तिने उभ्यानेच दोन्ही पानं वाचली आणि परत दिली. म्हणाली, यात माफीचा शब्द कुठे आहे?

मी म्हणालो, आहे, दुसऱ्या पानावर असेल.

बघितलं. दोन्ही पानं बघितली. नाही.

उद्या पाच वाजता.