रंगाला आठ तास कशाला?

८ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी, कारण या कारखान्यात ऐकण्याच्या लायकीचं दुसरं कोणी नाही.
मालक अमरसिंहसाहेबांनी बोलावलं. मंडळाच्या कार्यक्रमात माझं व्याख्यान ऐकून त्यांनीच मला खरेदीखात्यातून उचललं. पुण्याच्या गिऱ्हाइकाची अडीचशे पंप केसिंग २४ तारखेला गाडीत चढलीच पाहिजेत. आधीच्या दोन ऑर्डरी उशिरा गेल्या. तिसरी उशिरा गेली तर गिऱ्हाईक तुटलं. फिनिशिंगचं वेळापत्रक आता माझ्याकडे. जमलं तर मी प्लॅनिंग हेड, काचेची केबिन. नाही जमलं तर साहेब बघतील काय ते.
पोरखेळ आहे. केसिंग म्हणजे पंपाचं ओतीव लोखंडी कवच. ते घासायचं, छर्रे मारून साफ करायचं, रंगवायचं, खोक्यात भरायचं. रोमन सैन्याच्या मोहिमांवर चार ग्रंथ वाचलेत मी.
संकल्प: रोज सकाळी कामगारांपुढे पंचवीस मिनिटं बोलणे. माणूस पेटला पाहिजे.

९ जुलै
फिनिशिंगची शेड पाहिली. शिसारी आली. धूळ, तंबाखू, आणि हेडमिस्त्री पिराजी. हा गृहस्थ वेळापत्रक खडूनं जमिनीवर लिहितो. जमिनीवर! विचारलं, गुरुवारचं काम कुठे आहे? म्हणाला, कृष्णाताच्या पायाखाली हाय की सायेब. कृष्णात म्हणजे ग्राइंडरवाला. त्याला सरकायला सांगितलं. सरकला, तर बुधवार पुसला.
माझा तक्ता: चार फूट बाय तीन, लॅमिनेटेड, चार रंगांत. दर मिनिटाचं नियोजन.

१० जुलै
पहिलं भाषण. विषय: वेळ आणि राष्ट्र. पंचवीसऐवजी पन्नास मिनिटं झाली, कारण समोर अज्ञान फार. मध्येच पिराजीनं विचारलं, सायेब, ग्राइंडर बंद ठिवून ऐकायचं का चालू ठिवून? बंद ठेवून, असं ठणकावलं. भाषणाला टाळ्यांचा कडकडाट. विशेषतः संपल्यावर.
उद्दिष्ट तीस नग. झाले अकरा. या समाजाच्या हाडात आळस आहे.

१२ जुलै
पिराजी तक्त्यासमोर बराच वेळ उभा होता. मला वाटलं, भारावला. म्हणाला, सायेब, यात रंग वाळायचा टाइम कुठं दिसंना.
किती लागतो? आठ तास. आणि असल्या ओल्या हवेत बारा.
किळस वाटली. माणसं बसून राहतात हे सहन करतोय, आता रंगसुद्धा? मी म्हणालो, ज्या देशात रंगाला आठ तास विश्रांती लागते, त्या देशाचं काय होणार? तो म्हणाला, देशाचं मला काय म्हाईत न्हाय, डब्यावर तसं लिवलंय.
इतके ग्रंथ वाचलेल्या माणसानं आता डबे वाचायचे!

१४ जुलै, सोमवार
तक्त्याप्रमाणे आज चाळीस नग साफ व्हायचे. सकाळी आठला हजर. गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, सोमवारी सुट्टी असती न्हवं सायेब. हे मला माहीत होतंच. कोण येतं ते पाहण्यासाठी तक्त्यात सोमवार मुद्दाम घेतला होता. कोणीही आलं नाही. नोंद केली.

१६ जुलै
पिराजीच्या जमिनीवरच्या चौकोनांत आज एक नवा चौकोन: ‘भाषण’. घासणीच्या चौकोनाहून मोठा. जागृती सुरू झाली आहे.
नग नऊ.

१९ जुलै, संध्याकाळी ५
निर्णयाचा दिवस. रंगवलेली साठ केसिंग तिथल्या तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळून खोक्यांत भरून घेतली. एका तासात! पिराजी हाताची घडी घालून बघत होता. नंतर कागद पुढे केला. म्हणाला, सायबांच्या सांगण्यावरनं केलं असं लिवून सही करा. अभिमानानं केली. इतिहासाला पुरावा लागतो.

२० जुलै
साहेबांनी एक खोकं उघडायला लावलं. प्लास्टिक निघेना. ओढलं, तर रंग घेऊनच आलं. साहेब म्हणाले, दत्तप्रसाद, ही केसिंग हायत का चिक्की? शेडमध्ये सगळे निर्लज्जपणे हसले. साठच्या साठ परत छर्रे मारायला गेली.
प्लास्टिकचा दर्जा इतका घसरलेला असताना नियोजन काय करणार?
तडक दीड तास बोललो. आज ग्राइंडर कोणी बंद केले नाहीत. अठरा ग्राइंडरांवर मात करून बोललो.

२१ जुलै, सोमवार
घसा बसला. आवाज पूर्ण गेला. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी चार दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं बजावलं. पत्नी पूर्णिमा सोबत होती. तिनं विचारलं, डॉक्टर, आठवडाभर केलं तर जास्त गुण येईल ना? तिला काळजी आहे.

२२ जुलै
शेडच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलो. वेळेचं महत्त्व हातवाऱ्यांनी समजावलं. कृष्णात पाणी घेऊन आला.
पिराजीनं परस्पर नवीन रीत काढली आहे. रंग संध्याकाळी मारायचा, सकाळी पॅकिंग. रंगाचे लाड! कागदावर निषेध लिहून दिला. त्यानं त्याच कागदामागे दिवसभराचे नग मांडले. सत्तर.
सत्तर! माझ्या दहा दिवसांच्या भाषणांचा हा परिणाम. विचार मुरायला वेळ लागतोच.

२४ जुलै
दुपारी साडेतीनला गाडी गेली. अडीचशे नग, त्यातले शंभर काल संध्याकाळी रंगवलेले. साहेबांनी पिराजीच्या पाठीवर थाप मारली. कामगाराला प्रोत्साहन म्हणून ठीक आहे. मला उद्या ऑफिसात बोलावलंय.
आभाराचं भाषण तयार. चाळीस मिनिटं. काचेच्या केबिनला पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत, हे पूर्णिमाला चिठ्ठी लिहून विचारलं. तिनं चिठ्ठीवरच उत्तर लिहिलं: आधी केबिन तर मिळू द्या.

२५ जुलै
साहेबांनी विचारलं, घसा कसा हाय? मी म्हणालो, उत्तम, पूर्ण मोकळा. साहेबांचा चेहरा पडला. मग सरळ सांगितलं. प्लॅनिंग पिराजीकडे. केबिन नको म्हणाला तो, तिथली फरशी गुळगुळीत हाय, खडू उठत न्हाय. मी उद्यापासून गेटवर. गेटपास फाडायचे. साहेब म्हणाले, तिथं गाड्या फार थांबत न्हाईत, तुमच्या घशाला त्रास न्हाय.
मालकवर्गाला विचारवंताची भीती वाटते ती अशी.

२६ जुलै, सकाळी ९.१०
गेटवर. पहिलीच गाडी आली. ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी आला. एक श्रोता, पण तरणाबांड आणि डोळ्यांत चमक. सुरुवात केली की ज्या राष्ट्राला वेळेची किंमत कळत नाही...
तो म्हणाला, पावणं, पास तेवढा फाडा की. उशीर व्हायलाय.
फाडला.