ढब्बूच्या खाजेचं मूळ कारण

४ फेब्रुवारी
ढब्बू सकाळपासून खाजवतो आहे. आधी कान, मग पोट, मग माझ्या पलंगाच्या पायाला पाठ घासणं. मी पलंगावर असतानाच. ही म्हणाली, काहीतरी करा. ‘काहीतरी’ करणं माझ्या स्वभावात नाही. मी कारण शोधतो. साबणाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात, उगाच केस पांढरे केलेले नाहीत. साबणाच्या वड्यांना तडे का जातात हे मीच शोधून काढलं. तडे अजून जातात, पण कारण सापडलेलं आहे.

संध्याकाळी लेकीचा फोन. कुत्रा मूळचा तिचा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा आमच्या गळ्यात मारून गेली. आता तिला अंगणवालं घर मिळालंय. म्हणाली, बाबा, एप्रिलमध्ये येते, तोवर खाज थांबली नाही तर त्याला मी घेऊन जाते. म्हटलं, खुशाल ने. मला काही कुत्र्यांचं वेड नाही.

जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

संकल्प: एप्रिलच्या आत मूळ कारण.

७ फेब्रुवारी
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, खाण्याची ॲलर्जी वाटते. आठ आठवडे फक्त उकडलेला मासा आणि बटाटा. दुसरं काही म्हणजे काही तोंडात जाता कामा नये. शिवाय खाजेसाठी रोज सकाळी एक गोळी.

‘काही म्हणजे काही नाही’ हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मी कोणत्या विभागात काम करतो ते सांगितलं. त्या ढब्बूकडे बघत राहिल्या.

८ फेब्रुवारी
घरात शिस्त जाहीर केली. पोळीचा तुकडा बंद. कचऱ्याच्या डब्यावर वीट. हिला बजावलं, तुझा जीव हळवा आहे, तूच घात करशील. ही बालवाडीत शिकवते, तिथली सवय. ऐकता ऐकता भाजी चिरत राहिली. पटलं असणार.

गोळी मात्र ढब्बू घेईना. तीनदा थुंकली, एकदा माझ्या चपलेत. मग डोकं चालवलं. चीजचा छोटा तुकडा घेतला, त्यात गोळी दडवली, गट्ट! गोळी हे औषध, चीज हे वेष्टन. आमच्याकडे वडीच्या निव्वळ वजनात वरचा कागद धरत नाहीत. इथेही तोच नियम.

१५ फेब्रुवारी
खाजवणं चालूच. फरशी पुसायच्या औषधावर संशय. हिची बाटली ओतून दिली. ही म्हणाली, आजच आणली होती. पुराव्यापुढे भावना चालत नाहीत.

गोळीची पद्धत सुधारली. आधी एक रिकामा तुकडा, विश्वास बसावा म्हणून. मग गोळीवाला. आता मी खुर्चीत बसलो की ढब्बू आपणहून येतो, गुडघ्यावर हनुवटी ठेवतो आणि वर बघतो. हिच्याकडे असा बघत नाही. जनावराला माणूस बरोबर कळतो.

२२ फेब्रुवारी
पोटावरचे केस गेले. लाल चट्टे. बघवत नाही.

कारण सापडलं: शेजारच्या बाईंचं मांजर! ते आमच्या पायपुसण्यावर बसतं. पिसवा तिथूनच येणार. रीतसर तक्रार घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, माझ्या मांजराच्या अंगावर एक पिसू दाखवा. मांजर हातात घेतलं. पिसू सापडली नाही. मनगटावर तीन ओरखडे.

पायपुसणं जाळलं. हिला ते तिच्या बहिणीने दिलं होतं. आधी माहीत असतं तरी जाळलंच असतं.

२ मार्च
स्वतःवरच चिडलो. घरात साबणाचा तज्ज्ञ आणि कुत्र्याला साधी आंघोळ नाही! कारखान्यातून वड्या आणल्या, आमच्या सर्वोत्तम मालातल्या. दोनदा चोळून घातली.

सायंकाळी ढब्बू गोल गोल फिरत होता, स्वतःचीच शेपटी चावत. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, साबण लावायला कोणी सांगितलं? सांगितलं नव्हतं, हे खरं. मग विचारलं, खाण्यात काही जातं का? मी छातीठोकपणे सांगितलं, वाटीत मासा आणि बटाट्याशिवाय कणही नाही.

गोळीनंतर आता तिसरा तुकडा देतो. त्याचे हाल होताहेत, थोडं कौतुक नको?

९ मार्च
गालिचा काढला. पडदे काढले. सोफ्याची खोळ काढली. घर रंगकामाला काढल्यासारखं दिसतंय. ढब्बू मोकळ्या फरशीवर मजेत पाठ घासतो. ही म्हणाली, आता मलाही बाहेर ठेवणार का? तसा विचार नव्हता.

१२ मार्च
ऐन मोक्याच्या वेळी साहेबांनी प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं. तीन आठवडे, परगावी. विषय: दोषांची कारणमीमांसा. वर्ग मी घ्यायला हवा, मला बाकावर बसवताहेत.

गोळीचं काम हिच्याकडे सोपवावं लागलं. तिन्ही तुकड्यांचं तंत्र समजावत होतो. ऐकून घेतलंच नाही. ढब्बूचा जबडा उघडला, गोळी जिभेच्या मागे टाकली, तोंड मिटलं, नाकावर फुंकर मारली. गेली पोटात. म्हणाली, बालवाडीत याहून वाईट चावतात. काय हा अमानुषपणा! ढब्बूने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला पाणी प्यायला आत जावं लागलं.

३ एप्रिल
परत आलो. दार उघडलं आणि ढब्बू अंगावर! पोटावर बारीक केस उगवलेत. चट्टे गेलेत. सबंध संध्याकाळ एकदाच कान खाजवला आणि तोही सभ्यपणे.

म्हणजे माझे उपाय लागू पडले, फक्त उशिरा. पायपुसणं, पडदे, फरशीचं औषध, यांपैकी कशाचा गुण आला ते नंतर वेगळं काढता येईल. लेकीला फोन करून सांगितलं, प्रश्न मिटला. म्हणाली, आईने नक्की काय केलं? मी म्हटलं, तुझ्या आईने काही केलं नाही, फक्त माझी व्यवस्था चालवली.

उद्यापासून गोळी माझ्याकडे. बिचाऱ्याने फार सोसलं.

४ एप्रिल
सकाळी गुडघ्यावर हनुवटी. अहाहा. तीन आठवड्यांची भरपाई म्हणून पाच तुकडे.

९ एप्रिल
पुन्हा खाजवतो आहे. कान, पोट, सगळं. डोकं फिरायची पाळी आली. ही म्हणाली, तुम्ही नव्हता तेव्हा बरा होता. टोमणाच होता, पण त्यात तथ्य दिसलं. आम्हा गुणवत्तेच्या लोकांना स्वतःकडेही बोट दाखवता आलं पाहिजे.

मूळ कारण मीच आहे! म्हणजे माझे कपडे. त्यावर कारखान्यातली साबणाची भुकटी बसलेली असते. आजपासून घरात शिरण्याआधी जिन्यातच कपडे बदलायचे.

१० एप्रिल
जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. फार वाईट वेळ साधली त्यांनी. मांजरही होतं.

आंघोळ करूनच ढब्बूला हात लावला. शुद्ध हातांनी चीज दिलं. तरी दुपारभर खाजवत होता. लेक परवा येते आहे.

१३ एप्रिल
लेक काल आली. ढब्बूचं पोट बघून त्याच्याशेजारी फरशीवरच बसली. जाताना त्याला नेण्यासाठी मोठी टोपली आणलीय. ती टोपली दारातच ठेवलीय, येता-जाता पाय अडखळतो.

आज सकाळी तिला माझी काटेकोर पद्धत दाखवायचं ठरवलं. म्हटलं, निदान प्रयत्नांत कसूर नाही हे तरी दिसू दे. पहिला तुकडा, दुसरा तुकडा गोळीसकट, मग कौतुकाचे. लेक म्हणाली, बाबा, हे काय? मी म्हटलं, वेष्टन. तिने विचारलं, रोज? मी म्हटलं, घरी असताना एक दिवस चुकलो नाही.

तिने आईकडे बघितलं. हिने कपाळावर हात मारला. म्हणाली, मला वाटलं चीज पहिल्या गोळीपुरतंच दिलं असेल, पुढे सोडलं असेल. मग दोघी हसायला लागल्या. इतक्या की ढब्बू भुंकला. मी निव्वळ वजनाचा नियम समजावून सांगितला. लेक डोळे पुसत म्हणाली, बाबा, त्याच्या पोटाला तो नियम माहीत नाही.

डॉक्टरीणबाईंना फोन झाला. दुधाच्या पदार्थांचीच ॲलर्जी दिसते, चीज आजपासून बंद. त्यांनी लेकीला विचारलं म्हणे, ते गुणवत्तावाले घरी आहेत का? मी बाथरूममध्ये होतो.

लेक सुट्टी वाढवून महिनाअखेरपर्यंत राहते आहे. फरक पडला तर टोपली रिकामी जाईल, म्हणाली. गोळी हिच्याकडे. मला चीजच्या डब्याला हात लावायची बंदी.

३० एप्रिल
चट्टे गेले. पोटावर केस आले. मूळ कारण सापडलं आणि ते माझ्याच प्रात्यक्षिकातून सापडलं, याची नोंद असावी. सकाळी लेक गेली. टोपली रिकामी नेली. जिंकलो.

ती गेल्यावर खुर्चीत बसलो. ढब्बू आला. गुडघ्यावर हनुवटी. उजवा हात हुंगला, मग डावा. बोटांच्या मधून चाटून बघितलं. थोडा वेळ वर बघत राहिला. मी म्हटलं, नाही रे बाबा, काही नाही. मग उठला आणि पलीकडे हिच्या पायांशी जाऊन झोपला, नाक तिच्या चपलेवर ठेवून. ती त्याला काहीसुद्धा देत नाही. रोज जबडा उघडून घशात गोळी ढकलते.

दिवसभर तिथेच होता. खाजवलं नाही. एकदाही नाही.

संध्याकाळी माझी खुर्ची हिच्या खुर्चीशेजारी सरकवली. तिकडे उजेड बरा येतो.