वळिवड्याचा निरोप

ग्लासगो,
८ जुलै १९८९

ती. सुप्रभाआत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी माझी एक चूक दुरुस्त करते. आमच्या तळमजल्यावरच्या झोफियाबाईंना लहानपणी जर्मनांनी घराबाहेर काढलं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते रशियन होते. १९३९च्या सप्टेंबरात पोलंडमध्ये पश्चिमेकडून जर्मन घुसले आणि अडीच आठवड्यांनी पूर्वेकडून रशियन. दोघांनी देश वाटून घेतला. बाईंचं गाव पूर्वेचं. फेब्रुवारीत सैनिकांनी दार ठोठावलं, अर्ध्या तासात सामान बांधायला लावलं आणि मालगाडीत घालून सायबेरियात लाकडं तोडायला नेलं. वडील तिथेच वारले. लोक फक्त जर्मनांचंच विचारतात, असं बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, पण मला लाज वाटली.

पुढे सुटका झाल्यावर इराण, कराची करत मायलेकी तुमच्या कोल्हापूरजवळ, वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत आल्या. तिथे दूध घालणाऱ्या बाईंची सुमन त्यांची मैत्रीण झाली. तिच्याकडून शिकलेलं ‘गप बस’ त्या अजून माझ्यापेक्षा बरं म्हणतात. १९४७ साली निघताना सुमन स्टेशनवर आली, गुळाची ढेप दिली, ‘येतो’ म्हणाली (तिकडे बायकाही ‘येतो’च म्हणतात ना?) आणि वळून गेली. बाईंना वाटलं, ही मिरजेपर्यंत सोबत येतेय. त्यांनी बाकावर पिशवी ठेवून तिची जागा धरली. आपलं गाव सोडताना कुणाचा निरोपही घेता आला नव्हता. हा पहिला, आणि तोही फसवा निघाला.

मला त्या ‘येतो’चा अर्थ विचारला, तो मी सांगितला, ‘आय ॲम कमिंग’. इथल्या पोलिश चर्चची आठवणींची पुस्तिका निघतेय, बाईंचा लेख मी टाइप करते. त्यात वाक्य आहे, ‘तिनेही मला फसवलं.’ तसंच टाइप केलं. सुमनबाई सापडतील का?

उत्तराची वाट पाहते. लोभ माझ्या शुद्धलेखनासकट असावा.

आपली,
वैजयंती


कोल्हापूर,
२४ जुलै १९८९

चि. वैजयंतीस
अ. उ. आ.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे लाल शाईने तपासून सोबत पाठवते. ऱ्हस्वदीर्घाच्या दोनच चुका, शाबास. तिसरी शाईने दुरुस्त होणारी नाही. अगं, निरोप घेताना आपल्यात कुणी ‘जाते’ म्हणतं का? माझ्यासमोर कुणी तसं म्हणालं तर सासूबाई तिला परत आत बसवायच्या. शब्दाचा अर्थ बरोबर सांगितलास आणि सुमनला खोटं पाडलंस. तुझ्या आईने हे शिकवलं नाही, की दोघी ‘बाय’ म्हणून मोकळ्या होता?

रविवारी वळिवड्याला जाऊन आले. सुमन तिथेच दिली होती, त्यामुळे तिसऱ्या घरी सापडली. शेंगा निवडत होती. मी सगळं सांगितलं तशी हातातलं सूप खाली ठेवायचं विसरली. मग म्हणाली, “जागा धरली हुती व्हय तिनं? ठावं असतं तर बसलो असतो की मी.” हेच कळव म्हणाली, दुसरं काही नाही.

थंडीत डोकं झाकत जा. आमची माया आहे तशीच आहे.

तुझी,
आत्या


ग्लासगो,
१० ऑगस्ट १९८९

ती. आत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईला विचारलं, तिने सांगितलं होतं म्हणे, मी लक्ष दिलं नाही. तेही खरं असेल.

‘तिनेही मला फसवलं’ हे वाक्य गुपचूप गाळावं असं क्षणभर मनात आलं. कुणाला कळलं नसतं. पण वाक्य बाईंचं आहे, आणि चूक माझी. त्यांनी बेचाळीस वर्षं एका मैत्रिणीवर राग धरला, आणि मी, मराठी मुलगी, त्यावर शिक्का मारला. रागावल्या तर ऐकून घेईन. रडल्या तर काय करायचं, ते मला माहीत नाही. सुमनबाईंचं वाक्य मात्र मराठीतच वाचून दाखवणार, त्यांच्याच बोलीत. पन्नासदा म्हणून पाहिलं. आई हसते.

बाई उद्यापर्यंत मुलीकडे आहेत आणि कागद सोमवारी छापखान्यात जायचे आहेत. हे पत्र तोवर पोचणार नाही, तरी आपला लोभ आहेच, तो शनिवारी, १२ ऑगस्टला, सकाळी अकरा वाजता, मी त्यांच्या दारात उभी असताना, थोडा जास्त असू द्यावा.

आपली,
वैजयंती