चिंध्यांतले हूक

शहाड, १२ जानेवारी १९५६

चि. रतन,

तुला आणि बाळाला तुझ्या आईचे अनेक आशीर्वाद. अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. शेजारच्या सुमतीबाई लिहून देतायत. मला वेळ मिळत नाही, एवढंच.

गिरणीतलं काम बसून करायचं आहे. जुन्या कपड्यांची बटणं, हूक काढायचे. मग यंत्र त्या चिंध्या पिंजतं आणि त्यात रेयॉन मिसळून सूत काढतात. एखादा हूक राहिला की यंत्रात ठिणगी पडते. परवा पडली. पिंजलेला ढीग पेटला आणि माझ्या जोडीच्या रंगूबाईचा हात भाजला. हूक कोणाच्या टोपलीतला, ते कळलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक चोळी गालावरून फिरवून मगच टोपलीत टाकते. मुकादमाला वाटतं, बाई मन लावून काम करते. वाटू दे.

तू संध्याकाळी शिवायला बसतेस ना? दिवा जवळ घेत जा गं.

बाळासाठी आमच्याच सुताचं कांबळं पाठवलंय. मऊ आहे. पण त्याला निजवण्याआधी कांबळं उन्हात धरून नीट बघ. तुझे डोळे चांगले आहेत.

तुझी,
आई