दोन्हींना ‘हो’

लोअर हट
४ मे २०२५

ती. दमयंतीमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधाबद्दल तू पुन्हा विचारलेस, म्हणून सावकाश सांगते. युरोपातल्या निरनिराळ्या समाजांत लोकांची मने अतिउजव्या विचारांना कितपत अनुकूल आहेत, हे मी मोजते. नुसती मते मोजून भागत नाही, कारण मन मतदानाच्या बरेच आधी तयार होते. म्हणून लोकांना विधाने वाचून दाखवतात आणि ती पटतात का, असे विचारतात. माझ्या मोजणीत एक प्रांत भलताच वर निघाला आहे. परीक्षक म्हणतात, तिथे अशा पक्षांना मते नगण्य, मग हा आकडा आला कुठून? तोंडी परीक्षेत खुलासा जमला नाही, तर प्रबंध परत येईल.

मी मराठीत केलेली विधाने सोबत पाठवते. भाषा कळते का, हे पाहायचे आहे. उत्तरे देशील ना?

तुझी माया आहेच. तिला ओहोटी न लागो.
मैत्रेयी

हिल्सबरो
११ मे २०२५

चि. मैत्रेयीस अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तरे पाठवली आणि घरात माझे हसे झाले! नेत्याने संसदेला विचारू नये, यालाही मी हो म्हटले आणि विचारलेच पाहिजे, यालाही हो. तुझे काका म्हणाले, दोन्ही बाजूंना मत देऊन सरकार एका बाईने पाडले. अगं, पोर एवढ्या आशेने विचारते आहे, तिला नाही कसे म्हणायचे? जुईने इंग्रजीतच टोमणा मारला, की आजी डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दुधाला जाते आणि दुकानदाराने आग्रह केला म्हणून नको असलेला पावही आणते.

चुकले असेल तर पोटात घाल. जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी मावशी

लोअर हट
२० जून २०२५

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, आपण जिंकलो! चूक तुझी नव्हती, माझी होती. मी एकाच बाजूची विधाने मोजली होती. उलट विधाने जोडून पाहिली, तर त्या प्रांतातले पुष्कळ लोक तुझ्यासारखेच निघाले: घरी आलेल्या मुलाखतकाराला नाही म्हणायचे नाही, म्हणून दोन्हींना हो! ते सौजन्य वगळताच आकडा खाली आला. एक शांत वाटणारा प्रांत मात्र वर सरकला. तिथला होकार खरा होता. तेही कळायलाच हवे होते.

परीक्षकांनी विचारले, या पडताळणीला नाव काय? मी म्हटले, दमयंती कसोटी. त्यांनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिले, लिहून घेतले आणि उभे राहून मला डॉक्टर म्हणून हाक मारली.

माझ्यावरचा लोभ न मोजता वाढू द्यावा.
तुझी
डॉ. मैत्रेयी