सोमीचा निरोप

२ फेब्रुवारी २०२५

सरकार माफी मागतं! आज ऐकलं. आमच्याकडे सरकार माफी देतं – सारा माफ, कर्ज माफ. मागतं हे नवीनच.

इथं दुबईत नातीच्या, आभाच्या शाळेत ऑस्ट्रेलियाची एक बाई आहे शिकवायला. तिच्या देशात मूळच्या लोकांची पोरं सरकारनं आयांपासून तोडून नेली म्हणे. परक्यांच्या घरात, संस्थांत ठेवली. बोली मोडली. मग कितीतरी वर्षांनी त्यांच्या पंतप्रधानानं भर संसदेत सॉरी म्हटलं. तेरा फेब्रुवारीला. त्याच दिवशी आभाला वर्गात त्यावर बोलायचंय, म्हणून मला वाचून दाखवत होती. निम्मं इंग्रजीत. मधेच कार्टी विचारते, "आजी, आर वी इंडिजिनस?"

म्हटलं, "ते काय ते मला ठाऊक नाही. आपण ठाकर. डोंगरातली माणसं."

"सो कूल!"

सूनबाई मुग्धा पुण्याची, कान आमच्याकडंच. तिनं शिट्टी व्हायच्या आधीच कुकरखालचा गॅस बंद केला.

३ फेब्रुवारी

भाकरी दोनदा करपली. सोमी डोक्यातून जात नाही.

५ फेब्रुवारी

सांगून टाकलं आभाला. तुझ्या बापाला धाकटी बहीण होती. सोमी. सात वर्षांची.

आमची पोरं कुणी चोरली नाहीत. जीप आली, मीच तेल लावून, वेणी घालून बसवली तिला. शिकेल म्हणून. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला शाळेचं फार कौतुक असतं! सरकारी आश्रमशाळा, ओढ्यापलीकडं. भाऊ तिथंच होता, अकराचा. माझ्या बुध्याचा त्यांनी हजेरीत प्रल्हाद करून टाकलाच होता. सोमीची पहिल्याच दिवशी शोभना झाली. श्रावणात तिला ताप भरला. चार दिवस अंथरुणात होती. मला कळलं ते ती गेल्यावर. पोचले तेव्हा गोधडीची घडी घालून ठेवलेली. वर तिचं ताट, घासलेलं.

आभा म्हणाली, "डिड दे से सॉरी?"

"मोठा साहेब आला होता. म्हणाला, फार वाईट झालं. झालं! दही लागावं तसं आपोआप झालं."

पोरीनं माझा हात धरला. जेवेपर्यंत सोडला नाही.

८ फेब्रुवारी

आणि बघा योग. सोमीच्या शाळेचे तेव्हाचे हेडमास्तर इथं दुबईत येणार! गुरुजी आता पंच्याहत्तरीच्या पुढं. लेकाकडे आलेत, तिकडं अबूधाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत. इथलं मराठी मंडळ त्यांचा सत्कार करणार – आदिवासी मुलांसाठी आयुष्य वेचलं म्हणून. शाल कुणी घालायची? आमच्या प्रल्हादनं! इथल्या डीआयपी भागातल्या कारखान्यात मॅनेजर झालाय ना, शाळेचा नमुना म्हणून मिरवायला बरा.

मी म्हटलं, "घाल शाल. पण माइकवर एवढंच विचार – माझ्या आईला निरोप का नाही धाडला?"

"आई, जाऊ दे ना. खलास झालं ते."

"तुझं खलास. माझं नाही."

उठून गॅलरीत गेला. मी मागून ओरडले, "त्यांचं मीठ खाल्लंस, आता जीभ जड झाली का?"

मुग्धा म्हणते, "आई, हळू. शेजारच्या मल्याळी लोकांना मराठी कळत नाही, पण आवाज कळतो."

कळू दे.

१० फेब्रुवारी

बोलत नाही माझ्याशी. जेवतो, जातो. शिकला आणि भित्रा झाला.

१३ फेब्रुवारी

आभा बोलली वर्गात. सोमीचं नाव घेतलं म्हणे, कुठकुठल्या देशांच्या पोरांपुढं. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, "रडून काय होतंय?" पण आत कुठंतरी बरं वाटलं. पोरीचं नाव चार लोकांत तर गेलं.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. वाकलेत. कानात मशीन. प्रल्हाद पाया पडला. मी सोफ्यावरून हलले नाही. चहा व्हायच्या आधीच विचारलं.

"सोमी चार दिवस तापात होती. आमची वाडी एका दुपारच्या वाटेवर. निरोप का नाही आला, गुरुजी?"

"कोण सोमी?"

प्रल्हाद खाली बघत म्हणाला, "शोभना."

गुरुजी प्रल्हादकडे बघत राहिले. हा फरशी बघतोय. मग गुरुजी म्हणाले, "तुमच्याकडे मोठं माणूस पाठवायला हवं होतं. तपासणी होती. सगळे शिक्षक मी अडकवून ठेवले. चूक झाली – नाही, चूक मी केली. मला माफ करा." हात जोडले.

इतकी वर्षं या माफीचीच वाट बघितली. मिळाली. आता ठेवू कुठं? वाडीत असते तर त्यांनी पंचांपुढं हेच बोलून दाखवलं असतं, मग एका ताटात जेवलो असतो. इथं कुठले पंच! माफ केलं असं म्हणाले नाही मी. चहा दिला. साखर विचारली.

मोठं माणूस म्हणे. मोठं कशाला हवं? निरोप सांगायला जीभ पुरते.

१५ फेब्रुवारी

सत्कार झाला. मुग्धाची रेशमी साडी नेसून गेले. पुढच्या रांगेत बसवलं.

प्रल्हादनं शाल घातली. नारळ दिला. माइक हातात घेतला – आणि शब्द नाही! नुसता उभा. लोकांना वाटलं, गुरूच्या आठवणीनं कंठ दाटला. टाळ्या! मग गुरुजींनी अंगावरची शाल काढली आणि त्याच्याच खांद्यावर घातली. परत टाळ्या! माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "केवढं हो प्रेम!"

घरी, करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली तरी उतरेना. मुग्धा म्हणाली, "यल्ला, चला ना वर." हा स्टिअरिंग धरून बसलेला. ती शाल अजून अंगावरच.

१६ फेब्रुवारी

सकाळी माझ्या पायाशी येऊन बसला. "आये," म्हणाला. शाळेत गेल्यापासून मी आई झाले होते.

"आये, निरोप निघाला होता. गुरुजींनी मलाच धाडलं होतं. ओढा भरून चाललेला. मी अलीकडंच बसून राहिलो. अंधारायला लागल्यावर परत गेलो आणि सोमीला सांगितलं – आये येतेय."

त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टक्कल पडलंय मधे.

म्हटलं, "बुध्या, पाणी किती होतं रे?"

तो उठून उभा राहिला. छातीपाशी हात धरून दाखवला. आताच्या छातीपाशी.